फाइल नको, अख्खा फोल्डर आणा
(लांबीचं ॲनिमेशन आमच्याकडे रेंडर आणि जोडणीसाठी देणाऱ्या ग्राहकांसाठी)

केळीच्या रोपांचे माहितीपट, ठिबकचे डेमो, शाळांचे धडे, अहिराणी गाणी आणि गोष्टी अशी पाच-दहा मिनिटांची कामं हल्ली आपल्या जळगाव-धुळ्याकडेच बनतात, आणि चांगली बनतात. पण तीस सेकंदांच्या जाहिरातीत खपून जाणारा पसारा दहा मिनिटांच्या कामात खपत नाही. "रेंडरला इतके दिवस का लागतात?" असं विचारणाऱ्यांचे बरेचसे दिवस रेंडरच्या, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक चित्र पक्कं काढण्याच्या, आधीच, हरवलेल्या फाइली शोधण्यात गेलेले असतात. दर वेळी तेच फोनवर सांगावं लागतं, म्हणून हा कागद.

सगळं गुलाबी का दिसतं?

ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरची फाइल आमच्या मशीनवर उघडली की शेतकऱ्याचा सदरा, टोपी, मागची केळीची बाग, सगळं भडक गुलाबी. ग्राहक म्हणतात, "मन्हा कॉम्प्युटरवर ते बराबर चालस, भाऊ!" चालणारच. टेक्स्चरची, म्हणजे कपड्यांवर-पानांवर चढवलेली, चित्रं तुमच्या डी ड्राइव्हवर, नाहीतर डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर'मध्ये पडलेली आहेत आणि प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहिलेला आहे. भरीत पार्टीची यादी आणली आणि वांगी घरीच राहिली, तर चूल पेटवून करायचं काय?

मग फोन होतो. तुम्ही दुकानात किंवा शेतात असता, कॉम्प्युटर घरी असतो, संध्याकाळी दोन चित्रं व्हॉट्सॲपवर येतात. तीही फोटो म्हणून पाठवलेली, म्हणजे दाबून लहान झालेली आणि नाव बदललेली. (पाठवायचीच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.) तोवर तुमच्या मागचं काम पुढे गेलेलं असतं.

उपाय मोठा नाही, पण तो कामाच्या पहिल्या दिवशी करायचा आहे. कामाच्या नावाने एकच फोल्डर करा आणि जे काही वापराल ते आधी त्यात आणा, मगच सॉफ्टवेअरमध्ये घ्या. आत पात्रं, पार्श्वभूमी, आवाज, शॉट, रेंडर आणि फॉन्ट एवढे कप्पे पुरतात. गूगलवरून उतरवलेलं चित्र थेट डाउनलोड्समधून ओढून लावायचं नाही, निम्मी गुलाबी पात्रं तिथूनच जन्मतात.

ब्लेंडरवाल्यांनी फाइल मेनूतल्या एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन 'मेक पाथ्स रिलेटिव्ह' करावं आणि 'रिपोर्ट मिसिंग फाइल्स' चालवून बघावं. तिथेच 'पॅक रिसोर्सेस' आहे. त्याने चित्रं आणि आवाज फाइलच्या पोटात जातात, पण आत लावलेले व्हिडिओ आणि पाण्या-धुराच्या सिम्युलेशनची कॅशे (आधी मोजून साठवलेला हिशोब) जात नाही. त्यामुळे पॅक केलं तरी फोल्डर आणाच. आफ्टर इफेक्ट्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूत डिपेंडन्सीज, त्यात 'कलेक्ट फाइल्स'. त्यातही फॉन्ट आणि प्लगइन सोबत येतील असं धरून चालू नका.

आणण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, मग तुमच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि पेनड्राइव्हवरची फाइल उघडा. सगळं जागेवर दिसलं तर आमच्याकडेही बहुधा दिसेल, फक्त फोल्डरच्या बाहेर राहिलेलं चित्र किंवा फॉन्ट या परीक्षेत सापडत नाही. गुलाबी दिसलं तर काय राहिलं ते तुम्हाला घरबसल्या कळलं. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणीही करत नाही. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं तर आणखी उत्तम.

मराठी अक्षरं

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पाट्या लिहिल्या असतील आणि तो फॉन्ट आमच्याकडे नसेल, तर 'ठिबक सिंचन'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. फॉन्टची फाइल सोबत द्या, नाहीतर सरळ युनिकोडमध्ये लिहा. पाट्यांचा मजकूर वेगळ्या कागदावरही द्या, म्हणजे जोडाक्षर तुटलंय की तुम्हीच तसं लिहिलंय हे आम्हाला कळेल.

नावं आणि आकडे

'फायनल', 'फायनल२', 'फायनल खरं' अशा तीन फाइली आल्या तर आम्ही कोणती लावायची? शॉटचा नंबर, कामाचा टप्पा, आवृत्तीचा नंबर, याच क्रमाने नाव द्या: shot030_anim_v07. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे स्पेस न सोडता. काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडतात, मराठीचा अभिमान पडद्यावर दाखवू. नंबर दहा-दहाने वाढवा, म्हणजे ०३० आणि ०४० च्या मधे नवा शॉट सुचला तर ०३५ घालता येतो, पुढची सगळी नावं बदलावी लागत नाहीत. पुढची शून्यं गाळू नका. विंडोजच्या खिडकीत २ नंतर ३ नीट दिसतं, पण काही प्रोग्राम १० ला २ च्या आधी बसवतात आणि फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) उलटसुलट होतात.

मुख्य पात्राची फाइल एकच ठेवा आणि प्रत्येक शॉटमध्ये ते पात्र 'लिंक' करून आणा, 'अपेंड' करून नाही. अपेंडने प्रत्येक शॉटमध्ये पात्राची वेगळी प्रत होते. मग शेठजींनी शेवटच्या आठवड्यात "उपरणं भगवं नको, पांढरं करा" म्हटलं की चाळीस शॉट उघडत बसायचं. लिंक केलेलं असेल तर मूळ फाइलमध्ये एकदा बदललं की झालं. असे शेठजी प्रत्येक कामात असतातच, त्यांना नावं ठेवून उपयोग नाही.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, पहिल्याच दिवशी ठरवा. ब्लेंडर आपणहून २४ धरतो, एडिटरची टाइमलाइन अनेकदा २५ ची असते. ५ मिनिटांचं गाणं २४ ने केलं तर ७,२०० फ्रेम होतात. त्याच फ्रेम २५ ने चालवल्या तर चित्र ४ मिनिटं ४८ सेकंदांत संपतं, गायक अजून गातोच आहे. शेवटच्या कडव्यात ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते.

आम्ही असं का करतो

एका फ्रेमला २ मिनिटं धरली तर वरच्या ७,२०० फ्रेमना एका मशीनवर बरोबर १० दिवस लागतात, रात्रंदिवस. म्हणून आम्ही प्रत्येक शॉटच्या मोजक्या फ्रेम आधी काढून तुमची सही घेतो, त्याशिवाय पूर्ण रेंडर लावत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. दहाव्या दिवशी टोपीचा रंग चुकलेला कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेला बरा.

तसंच आम्ही थेट एमपी४ काढत नाही, एकेक फ्रेम पीएनजी म्हणून काढतो. मधेच लाइट गेली आणि बॅटरीही संपली, तर अर्धवट एमपी४ बहुधा उघडतच नाही. फ्रेम मात्र जिथे थांबल्या तिथून पुढे सुरू करता येतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला की मशीनही तापून मंदावतात, तेव्हा ही सोय फार कामाला येते.

फाइल उघडून तपासण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो, यावर काहीजण कुरकुरतात. फोल्डर वर सांगितल्यासारखा असेल तर ते पैसे बिलातून वजा होतात. आणि काम सुरू करण्याआधी एकदा येऊन गेलात तर फोल्डर, नावं, फ्रेम रेट सगळं आम्हीच लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. पुढे काम आमच्याकडेच द्यायला हवं अशीही अट नाही, मात्र लोक बहुधा देतात.

आणताना एवढं बघा: सॉफ्टवेअरची आवृत्ती कागदावर लिहिलेली असावी, कारण नव्या ब्लेंडरची फाइल जुन्यात नीट उघडेलच असं नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची एकही फाइल बसत नाही. घरची प्रत पुसून येऊ नका. काम पोचवल्यानंतर तुमचा फोल्डर आमच्याकडे महिनाभर राहतो, नंतर जागा रिकामी करावी लागते.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि श्रावणात कानबाईच्या सणाला गाणी लावणाऱ्यांची एकदम गर्दी होते. आखाजीसाठी होळीपर्यंत आणि कानबाईसाठी आषाढ लागताच एक पुरा झालेला शॉट आणून दाखवा, त्यावरून किती दिवस लागतील ते लिहून देऊ.