रोलर स्की : प्राथमिक शिक्षण

पुढे व मागे एकेक चाक बसवलेल्या अरुंद पट्ट्यांवर उभे राहून, हातांतील काठ्यांनी रेटा देत डांबरी रस्त्यावर सरकत जाण्याचा व्यायामप्रकार. बर्फावरील लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा सराव म्हणून तो रूढ झाला.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ १८ व्या शतकात जॉन जोसेफ मर्लिन याने लंडनमध्ये दाखवलेल्या चाकांच्या स्केटपर्यंत जाते. दुसऱ्या मतानुसार इटली व उत्तर युरोपातील स्कीपटूंनी बिनबर्फाच्या महिन्यांतील सरावासाठी बहुधा १९३० च्या दशकात हे साधन घडवले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण मोकळी टाच (बूट फक्त पुढच्या टोकाशी जोडलेला असल्याने टाच उचलता येणे) आणि काठीचा रेटा ही रोलर स्कीची दोन्ही मुख्य लक्षणे स्केटमध्ये आढळत नाहीत. जुन्या काही नमुन्यांना तीन चाके असत. १९८० च्या दशकात बर्फावर स्केटिंग शैली (स्की तिरप्या ठेवून बाजूला रेटा देत जाणे) रूढ झाली, तसे साधनाचेही दोन प्रकार पडले : स्केटिंग आणि जुन्या शैलीचा क्लासिक (स्की समांतर ठेवून सरळ पावले टाकत जाणे). पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००० साली नेदरलँड्समध्ये झाली.

स्केटिंग प्रकारात चाके साधारण १०० मिमी. व्यासाची व २४ मिमी. रुंदीची असतात. क्लासिक प्रकारात ती लहान, पण जवळजवळ दुप्पट रुंद असून एका चाकात सायकलच्या फ्रीव्हीलसारखी कळ असते. त्यामुळे स्की मागे सरकत नाही. नवशिक्याला ही कळ धीर देते, पण एक खोडही लावते : पाय उशिरा दाबला तरी पकड मिळते आणि चूक लक्षात येत नाही. स्केटिंगची काठी उंचीच्या सुमारे ९० टक्के, तर क्लासिकची सुमारे ८३ टक्के लांब असावी.

मराठवाड्यात कोणता प्रकार घ्यावा, हे रस्ता ठरवतो. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून डांबराच्या कडेला रस्त्याच्या लांबीने भेगा पडतात. २४ मिमी.चे चाक अशा भेगेत उतरले की वळत नाही आणि स्कीपटू तोंडावर पडतो. रुंद चाक तीच भेग सहसा ओलांडते. म्हणून क्लासिकपासून सुरुवात करणे इष्ट. साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेले उसाचे कांडे हीही तितकीच मोठी अडचण. सिमेंट रस्त्यावर काठीचे टोक धरत नाही, उसळते व कोपराला हिसका बसतो; टंगस्टन कार्बाइडचे टोक डायमंड कानशीने धारदार ठेवल्यास त्रास कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की डांबर मऊ पडते, काठी रुतते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ सर्वांत चांगली.

पहिले धडे काठ्यांशिवाय, गवतावर किंवा मुरमावर घ्यावेत : घोटे व गुडघे किंचित वाकवून उभे राहणे, जागच्या जागी पाय उचलणे, एका पायावर १० सेकंद तोल सांभाळणे. नंतर रहदारी नसलेल्या सपाट डांबरावर २०-३० मिनिटे. सर्वसाधारण चूक म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार ठेवणे. तसे केल्यास रेटा देणारा पाय मोकळाच होत नाही. नाक, गुडघा व पायाचा अंगठा एका ओळीत आले की भार एका पायावर आला असे समजावे. त्यानंतर दोन्ही काठ्यांचा एकत्र रेटा शिकावा. काठी पावलाच्या शेजारी टेकवून प्रथम पोटाच्या स्नायूंच्या जोराने दाबावे, हात मागाहून. नुसत्या हातांनी रेटणाऱ्याचे दंड लवकर भरून येतात.

बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो. टाचा फाकवून टोके आत वळवल्यास वेग कमी होतो. पूर्ण थांबण्यासाठी मुरमाच्या साइडपट्टीवर उतरतात. मात्र डांबराची कड पट्टीपेक्षा चार बोटे जरी उंच असली, तरी चाक तेथे अडते. म्हणून जागा आधी चालत जाऊन पाहावी व दोन्ही पाय पाठोपाठ, एक पुढे एक मागे ठेवून उतरावे. चौका किंवा मांजरसुंबा घाटाचा उतार नवशिक्याने घेऊ नये. हेल्मेट, हातमोजे, गुडघा व कोपराचे पॅड अनिवार्य समजावेत.

काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये लवकर शिरते. चाक हाताने फिरवल्यावर खरखर ऐकू आल्यास बेअरिंग बदलावे. झिजेचा तिरपेपणा दिसताच डाव्या-उजव्या स्कींची अदलाबदल करावी.