आधी आकडे, मग तारे, आता पुन्हा आकडे

दिग्रसच्या बाजाराच्या दिवशी एका गाडीविक्रेत्यानं रस्त्याकडेला मांडव टाकला होता. मधोमध झेंडूची माळ घातलेली नवी गाडी, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘५ स्टार सुरक्षा’, त्याखाली ‘३२ पैकी’ म्हणून एक आकडा आणि अगदी तळाला इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांच्या दोन ओळी. सोबत शेजारचे काका होते. सोयाबीनचे पैसे हातात आलेले, जुनी व्हॅन काढून नवी गाडी घ्यायचं घरात चाललेलं. त्यांनी तिथल्या पोराला विचारलं, “भाऊ, हे बत्तीसपैकी म्हंजे काय? पल्टी झाली त काई होत नाई का मंग?”

पोरगं म्हणालं, “काका, टँकच हाये हा.”

खरं सांगायचं तर त्या बत्तीस गुणांत पलटीचा एकही गुण नाही. आपल्याकडच्या भारत एनकॅप या सुरक्षा परीक्षेत गाडी समोरून आणि बाजूनं धडकवून पाहतात, पलटीची परीक्षाच नाही. मग कंपन्यांना असे बारीकसारीक गुण जाहिरातीत छापू द्यावेत की नाही? हा वाद अमेरिकेत बराच जुना आहे. गंमत अशी की तिथं सुरुवात ताऱ्यांनी झालीच नव्हती, आकड्यांनी झाली होती.

१९७२ च्या एका कायद्यानं अमेरिकी सरकारवर ग्राहकाला गाड्यांची तुलनात्मक माहिती देण्याची जबाबदारी टाकली. त्यातून १९७९ च्या मॉडेलपासून तिथली वाहतूक सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, गाड्या ताशी ५६ किलोमीटरनं सरळ भिंतीवर आदळवू लागली. कायद्यानं सक्तीची चाचणी ४८ ला होती, ही त्याहून कडक. निकाल म्हणून जे छापलं जाई ते मोजमाप जसंच्या तसं: गाडीत बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या डोक्याला बसलेल्या माराचा निर्देशांक, छातीवरचा झटका, मांडीच्या हाडावरचा दाब. डोक्याचा निर्देशांक हजाराच्या आत असला तर गाडी पास. पण ८५० आणि ६२० मध्ये आपल्या जिवाच्या हिशेबानं फरक किती, हे गिऱ्हाइकाला कळेना. शेवटी तिथल्या संसदेनं लोकांना समजेल असं काहीतरी करा म्हणून टुमणं लावलं आणि १९९३ मध्ये तारे आले. म्हणजे तारे ही आकड्यांवर काढलेली सोय होती.

युरोपात तारे पहिल्यापासूनच होते. तिथल्या युरो एनकॅप या परीक्षेचे पहिले निकाल फेब्रुवारी १९९७ मध्ये लागले आणि रोव्हर १०० या छोट्या गाडीला एकच तारा मिळाला. वर्षाच्या आत ती गाडी बनायची थांबली. ही परीक्षा इतकी कडक आहे की चार तारे कुणालाच मिळायचे नाहीत, अशी ओरड कंपन्यांनी केली होती. त्याच जुलैत व्होल्वो एस-४० नं चार तारे घेऊन दाखवले. ओरड संपली, जाहिराती सुरू झाल्या.

पुढं जिथं तिथं बऱ्याच गाड्यांना पाच तारे मिळू लागले तशी नवी अडचण उभी राहिली. वर्गातली निम्मी पोरं पहिली आली तर पहिल्या नंबराला भाव काय उरतो? ऑगस्ट २०१३ मध्ये टेस्लानं ताऱ्यांच्या मागचे आकडे उकरून काढले आणि आपल्या मॉडेल एस गाडीला ५.४ तारे मिळाल्याचं जाहीर केलं. एनएचटीएसएनं सांगितलं, आमच्याकडे पाचाच्या वर काही नाही. २०१८ मध्ये तसंच झालं. संस्थेनं तपासलेल्या सगळ्या गाड्यांत इजा होण्याची शक्यता मॉडेल ३ मध्ये सर्वांत कमी, असा टेस्लाचा दावा होता. या वेळी संस्थेनं थांबा म्हणून पत्र धाडलं आणि प्रकरण व्यापार आयोगाकडे पाठवलं.

टेस्लाचा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: आकडे तुमचेच, गणित आमचं, यात खोटं काय? संस्थेचं उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्या रस्त्यावर तेच जास्त लागू आहे. भिंतीवर आदळणारी गाडी ही जणू तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीशी समोरासमोर धडकत असते. हलकी गाडी हलकीशी, जड गाडी जडशी. त्यामुळे समोरच्या धडकेचे गुण साधारण ११३ किलोच्या फरकातल्या गाड्यांनाच एकमेकांशी लावून पाहता येतात. ‘सगळ्यांत सुरक्षित’ हा शब्द त्या चाचणीतून निघतच नाही. आता हे वणीच्या कोळशाच्या ट्रकला लावून पाहा. पाच ताऱ्यांची छोटी गाडी आणि भरलेला हायवा समोरासमोर आले तर बत्तीसपैकी किती होते, हा हिशेब तिथं फारसा कामाला येत नाही.

आपल्या देशात हा विषय जानेवारी २०१४ मध्ये तापला. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेलं ताशी ६४ किलोमीटरनं आदळवली. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना भोपळा मिळाला. एअरबॅग लावलेल्या पोलोनं मात्र चार तारे मिळवले आणि कंपनीनं बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. भारतात तेव्हा नव्या गाडीला धडक चाचणीची सक्तीच नव्हती. ती नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाली. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची.

डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉननं मोठ्यांच्या सुरक्षेत पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले आणि सुरक्षा हा जाहिरातीचा माल झाला. त्याच निकालात लहान मुलांच्या सुरक्षेला तीनच तारे होते. लोकांच्या डोक्यात बसले ते पाचच. तीन कुणाला आठवतात?

नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी २२ ऑगस्ट २०२३ ला भारत एनकॅप जाहीर केलं आणि १ ऑक्टोबरपासून ते सुरू झालं. भाग घ्यायचा की नाही हे कंपनीवर सोडलं आहे. मोठ्यांचे गुण ३२ पैकी, मुलांचे ४९ पैकी. पहिल्या निकालात हॅरियर आणि सफारीला ३०.०८ आणि ४४.५४ मिळाले. पाच ताऱ्यांसाठी मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे ४१ लागतात. म्हणजे २७ वालीही पाच ताऱ्यांची आणि ३२ वालीही. २०२५ च्या जानेवारीत महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई नं मोठ्यांचे ३२ पैकी ३२ घेतले, पुढं हॅरियर ईव्हीनंही. अमेरिकेत झालं तेच आपल्याकडे झालं: तारे सारखे झाले आणि जाहिराती पुन्हा आकड्यांवर आल्या.

म्हणून आकडे छापायला बंदी असावी, या मताचा मी नाही. २७ आणि ३२ मधला फरक गिऱ्हाइकानं पैसे मोजताना पाहायलाच हवा, आणि बंदीनं सोय होईल ती काठावर पास झालेल्यांची. पण अर्धा निकाल छापायची मुभा कशाला? मोठ्यांचे गुण छापायचे तर मुलांचेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, चाचणीचं साल लिहा, गाडीचं वजन लिहा. त्यासाठी नवा कायदाही नको. फसव्या जाहिरातींबाबतच्या जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलंच आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा. फसव्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. मराठी दाव्याखाली इंग्रजी मुंग्या हे त्यात कुठं बसतं?

एवढं करूनही त्या गुणांना मर्यादा आहेत. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडीत चार पुतळे असतात: पुढं दोन मोठे, मागं दीड आणि तीन वर्षांची दोन मुलं, आपापल्या बालआसनात बांधलेली. आमच्याकडे लग्नाला निघालेल्या गाडीत माणसं मोजायची सोय नसते आणि नातू आजीच्या मांडीवर असतो. मागच्या सीटचा बेल्ट कव्हराखाली गेला तो गेलाच. चाचणीतली गाडी ६४ नं धडकते. कारंजाजवळ समृद्धीवर चढलं की मर्यादा १२० ची आहे आणि त्या वेगात धडकेची ताकद साडेतीनपट होते. शिवाय रात्री रस्त्यात येणारा रोही, म्हणजे नीलगाय, आणि बिनदिव्याची कापसाची ट्रॉली या दोघांची परीक्षा कोणतीच प्रयोगशाळा घेत नाही.

काकांनी त्या दिवशी फ्लेक्सचा फोटो काढून नेला होता. रात्री नातीनं तो मोबाइलवर मोठा करून तळाच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. वरचा आकडा फक्त मोठ्यांचा होता, पूर्ण निकालासाठी संकेतस्थळ पाहा म्हणे. पुढच्या बाजाराला काका पुन्हा मांडवात गेले.

“पोट्ट्याइचे किती हाये, एकोणपन्नासपैकी?”

पोरानं आतल्या टेबलावरची पत्रकं उलटून पाहिली, मग साहेबांना फोन लावला. फोन लागेपर्यंत त्यानं काकांना चहा सांगितला.