पलटणीचा सर्जन (ब्रिटिश लष्कर, अठरावे शतक)

ब्रिटिश लष्करातील एकेका रेजिमेंटला, म्हणजे पलटणीला, जोडलेला वैद्यकीय अधिकारी. त्याच्या हाताखाली मेट नावाचा मदतनीस असे.

पदाच्या उगमाबद्दल एकमत नाही. १६४५ मध्ये उभ्या राहिलेल्या न्यू मॉडेल आर्मीच्या (इंग्लंडच्या यादवीतील संसदेच्या फौजेच्या) पलटणींत सर्जन असत, म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथे धरतात. ती फौज १६६० नंतर मोडली गेली आणि सलग परंपरा दुसऱ्या चार्ल्सच्या कायम फौजेपासून (१६६१) दिसते; हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र न्यू मॉडेल आर्मीतील सेनानी जॉर्ज मंकची पलटण, म्हणजे पुढची कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स, दोन्हींतला दुवा ठरते. फेब्रुवारी १६६१ मध्ये तिने लंडनच्या टॉवर हिलवर शस्त्रे खाली ठेवली आणि राजाची म्हणून लगेच पुन्हा उचलली. त्यामुळे आरंभाचे एकच साल सांगणे धाडसाचे होईल.

लंडनमध्ये सर्जन १७४५ मध्ये न्हाव्यांच्या संघापासून वेगळे झाले. सर्जनला राजाचे कमिशन (अधिकारीपदाची सनद) असे, मेटला फक्त वॉरंट (खालच्या दर्जाचे नेमणूकपत्र). एवढ्या फरकाने मेटची पायरी अधिकाऱ्यांच्या खाली राही, मग तो शिकलेला का असेना. बढती बऱ्याच अंशी कर्नलच्या मर्जीवर चाले. रॉबर्ट हॅमिल्टन यांनी १७८७ मध्ये सर्जनच्या कर्तव्यांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला.

रॉबर्ट जॅक्सन (१७५०–१८२७) यांची कारकीर्द या पदाचे मोल नीट दाखवते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले जॅक्सन जमेकात काही वर्षे राहून अमेरिकेतील युद्धात ७१व्या पलटणीचे मेट झाले. १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्सच्या (दक्षिण कॅरोलायना) लढाईत ब्रिटिशांची दाणादाण उडाली. त्या गर्दीत घोडा गमावलेल्या सेनापती टार्लटनला जॅक्सन यांनी आपला घोडा दिला, छडीला पांढरा रुमाल बांधला आणि ते शत्रूकडे चालत गेले, असे सांगतात. पळून सुटण्यापेक्षा त्यांनी जखमींजवळ थांबणे पसंत केले. १७८६ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची (नेदरलँड्स) एम.डी. मिळवली आणि १७९३ मध्ये ते ३ऱ्या पलटणीचे (बफ्स) सर्जन झाले.

लष्करी फिजिशियनच्या (सर्जनहून वरच्या दर्जाच्या वैद्याच्या) जागा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांसाठी किंवा लंडनच्या फिजिशियन कॉलेजच्या मंडळींसाठी राखून ठेवण्याला त्यांचा कडवा विरोध होता. पलटणीबरोबर तापाच्या प्रदेशात काढलेली वर्षे हीच खरी पात्रता, हा त्यांचा आग्रह रास्त होता. लष्करी वैद्यक मंडळाशी त्यांचे भांडण बरीच वर्षे चालले. नेदरलँड्समधील वॉल्खेरन बेटावरच्या मोहिमेत (१८०९) तापाने हाहाकार माजल्यावर १८१० मध्ये ते मंडळच बरखास्त झाले. मेटला असिस्टंट सर्जन हे नाव आणि राजाचे कमिशन त्याआधीच, १७९६ मध्ये, मिळाले होते.