एकच श्रेणी, दोन वनलावे: पार्श्वभूमी

वनलावे म्हणजे जंगलात राहणारे, लाव्यासारखे पक्षी. गोर्जेटेड वनलावा कोलंबियाच्या पूर्व अँडीज रांगेतला, १८४४ पासून नोंदीत असलेला. टॅकारकुना वनलावा पनामा-कोलंबिया सीमेवरच्या डोंगरांतला. त्याचे शास्त्रीय वर्णन थेट १९६३ मधले. दोघांच्या गळ्यावर काळ्या-पांढऱ्याची नक्षी असल्याने त्यांना एकाच महाजातीत, म्हणजे अगदी जवळच्या जातींच्या गटात, घालणारेही आहेत. फरक पोटावर दिसतो: गोर्जेटेड नराचे पोट तांबूस, टॅकारकुनाचे मातकट तपकिरी.

धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत दोघांवर ‘असुरक्षित’ हाच शिक्का आहे, पण वाटा वेगळ्या. टॅकारकुनाचा अधिवास मुळातच इवलासा, साधारण १,०५० ते १,४५० मीटर उंचीचा पट्टा. १९८० मध्ये झालेल्या दारिएन राष्ट्रीय उद्यानामुळे पनामाच्या बाजूचे जंगल बऱ्यापैकी टिकले.

गोर्जेटेडचे जंगल मात्र शेती आणि कुरणांसाठी तुटत गेले. बोगोटाच्या पश्चिमेकडील जुन्या जागा ओस पडल्या आणि १९७० नंतरच्या नोंदी मुख्यतः सांतांदेर प्रांतातल्या ओकवनांतून आल्या. तेव्हा तो ‘अतिसंकटग्रस्त’ होता. त्या श्रेणीसाठी प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी असावे लागतात, ‘असुरक्षित’साठी १०,००० पेक्षा कमी, अर्थात संख्येचा निकष लावला तर. पुढे यारिगिएस डोंगररांगेत, जिथे २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तो सापडू लागला आणि धोक्याची श्रेणी खाली उतरली. पक्षी वाढले म्हणून नव्हे, शोध वाढला म्हणून. तरीही ही उतरण ‘सुधारणा’ म्हणून सर्रास सांगितली जाते, आणि निधी मागणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते.

आकड्यांवर भिस्त ठेवणेही कठीण. हे पक्षी दाट झाडोऱ्यात थव्याने चरतात, दिसण्यापेक्षा पहाटे एकसुरात ओरडताना ऐकू येतात. म्हणजे मोजले जातात ते थवे, पक्षी नव्हेत. थव्याचा सरासरी आकार चुकला की अंदाज दुप्पट किंवा निम्मा होतो. ध्वनिमुद्रण वाजवून उत्तर घ्यावे तर थवा आवाजाच्या दिशेने सरकतो आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा मोजला जातो. म्हणून थांब्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवून, काही न वाजवता, उजाडतानाच एकाच वेळी अनेकांनी ऐकणे बरे. कॅमेरा सापळे पक्षी तिथे आहे एवढे सांगतात, पण अंगावरच्या खुणांनी एकेक पक्षी ओळखता येत नसल्याने तोच तो पुन्हा टिपला गेला का, हे कळत नाही. सांतांदेरात तर काळ्या कपाळाचा वनलावाही राहतो. नुसत्या आवाजावरच्या जुन्या नोंदी त्यामुळे पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.