व्हिडिओ ग्रेडिंगसाठी मॉनिटर घेण्याआधी आणि कॅलिब्रेशनला आणण्याआधी

“माझ्या मॉनिटरवर चेहरा छान होता, मोबाईलवर फिका पडला.” मॉनिटरच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे रंग मोजून बरोबर करून घ्यायला, येणाऱ्या ग्राहकांकडून हेच वाक्य आम्ही सतत ऐकतो. पॅनलमध्ये सहसा काही बिघाड नसतो. बॉक्सवर ‘९५ टक्के डीसीआय-पी३’ (सिनेमाचा रुंद रंगपल्ला) वाचून मॉनिटर घेतलेला असतो आणि तो पहिल्या दिवसापासून नेटिव्ह मोडवर, म्हणजे पॅनलच्या पूर्ण रंगांवर, चालू असतो. तुमचा व्हिडिओ रेक. ७०९ चा, म्हणजे साध्या एचडी व्हिडिओच्या अरुंद रंगपल्ल्याचा. त्यातला लाल हा मॉनिटर स्वतःच्या गडद लालाने दाखवतो, चेहरा तांबडा दिसतो, तुम्ही सॅच्युरेशन उतरवता. तीच फाईल साध्या स्क्रीनवर गेली की चेहऱ्यावरची तुकतुकी गेलेली असते. त्यात ब्राइटनेस ३०० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) असेल तर सावल्या मोकळ्या वाटतात, तुम्ही त्या दाबता, आणि बघणाऱ्याला नुसता काळोख दिसतो. मग सगळं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड बसवण्याचं काम, पुन्हा.

“प्रोफाईल बसवून द्या, बाकी नको,” असंही सांगितलं जातं. पण विंडोजवर दा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरचा व्ह्यूअर आयसीसी प्रोफाईल (मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाईल) पाळत नाही. प्रोफाईलबरोबर ग्राफिक्स कार्डात चढणारी कर्व्ह ग्रे सरळ करते, गॅमट (रंगांचा पल्ला) आवळत नाही. म्हणून आम्ही आधी मॉनिटरच्याच मेनूत एसआरजीबी मोड लावतो (त्याचे मूळ रंग आणि डी६५ पांढरा रेक. ७०९ चेच आहेत), ब्राइटनेस १०० निट्सवर आणतो आणि उरलेली चूक, गॅमा २.४ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) सकट, थ्रीडी लटमध्ये (रंग बदलून देणाऱ्या कोष्टकात) बसवतो. हा लट प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या ‘कलर व्ह्यूअर लुकअप टेबल’मध्येच ठेवा. नोडवर (ग्रेडिंगच्या एखाद्या पायरीवर) लावलात तर तो एक्स्पोर्टमध्ये उतरेल. मोजणीआधी मॉनिटर अर्धा तास तापू देतो, तो वेळ वाया गेलेला नाही. थंड पॅनलचं माप नंतर सरकतं.

खरेदीत सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेसची पट्टी हलते का? पुष्कळ मॉनिटरमध्ये ती तिथे अडकवलेली असते, आणि मग १०० निट्स गाठता येत नाहीत. पॅनल आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारात मान जरा वळवली की सावल्यांचा गॅमा बदलतो. रेक. ७०९ च्या कामाला खरा ८ बिट (रंगांच्या छटांची बारकाई) चालतो. ‘एचडीआर ४००’ (एचडीआर म्हणजे उजेडाचा जास्त पल्ला असलेला व्हिडिओ) च्या स्टिकरसाठी जास्त पैसे घालू नका, त्यावर एचडीआर ग्रेडिंग होत नाही. वाचलेले पैसे कलरीमीटरला (स्क्रीनचे रंग मोजणाऱ्या यंत्राला) ठेवा. मॉडेल ठरवण्याआधी आम्हाला कळवलंत तर त्याचा एसआरजीबी मोड कामाचा आहे का, ते सांगू. त्याचे पैसे घेत नाही.

आणताना नाइट लाइट, इको आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. आपला कॉम्प्युटर आणि रोजची केबलही आणा. एचडीएमआयवर कार्ड लिमिटेड रेंज (काळा-पांढरा आत आखडलेला सिग्नल) पाठवत असेल आणि मॉनिटर फुल धरून बसला असेल, तर काळा राखाडी दिसतो आणि खापर पॅनलवर फुटतं.