कॅम शिकताय? आधी चिपकडे बघा

मिलिंग मशीनसाठी कॅम सॉफ्टवेअर, म्हणजे कटर कसा चालवायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडलं की एवढी बटणं आणि एवढे रकाने समोर येतात की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. बहुतेक जण मग एखादा व्हिडिओ लावतात, त्यातले आकडे जसेच्या तसे टाकतात, सिम्युलेशनमधे जॉब मस्त कापला जातो आणि मशीनवर मात्र पहिल्याच कोपऱ्यात कटर किंचाळतो. माझंही हेच झालं होतं. 6 मिमीचा एंडमिल (हाच तो फिरणारा कटर), ॲल्युमिनियमचा ठोकळा, साधं चौकोनी पॉकेट, म्हणजे ठोकळ्यात कोरायचा खड्डा. सरळ भिंतीला आवाज एकसारखा यायचा आणि कोपरा आला की कर्कश्श, चौथ्या कोपऱ्यात कटर तुटलाच.

कॅडमधे आपण वस्तू काढतो, कॅममधे ती कापायची कशी ते ठरवतो. 10 मिमी व्यासाच्या कटरने एखाद्या रेषेवर भिंत हवी असेल तर कटरचा मध्य त्या रेषेपासून 5 मिमी लांबून चालवावा लागतो आणि वळणावळणाच्या आकाराला हे हाताने काढत बसायचं म्हणजे डोकं पिकतं. 1952 मधे अमेरिकेत एमआयटीने पंच केलेल्या पट्टीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, मग हे आकडे काढणार कोण हा प्रश्न आलाच, त्यासाठी तिथल्या डग्लस रॉस यांच्या टीमने एपीटी नावाची भाषा तयार केली. आजचं कुठलंही कॅम, मग ते फ्यूजन असो नाहीतर फुकट मिळणारं फ्रीकॅड, मुळात हेच गणित करतं. आकाराच्या बाबतीत ते चुकत नाही. पण कापताना धातूचं काय होतंय याची त्याला काहीच कल्पना नसते, ते आपण सांगायचं असतं.

कोपऱ्याचंच घ्या. स्टेपओव्हर, म्हणजे प्रत्येक फेरीत कटर बाजूला किती सरकतो ते, व्यासाच्या निम्मं ठेवलं तर सरळ भिंतीवर कटरचा 90 अंशाचा भाग धातूत असतो. काटकोनी कोपऱ्यात पोचल्यावर समोरची भिंतही लागते आणि तोच भाग 180 अंश होतो. बरं, स्टेपओव्हर कमी केलं की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण 10 टक्क्यांना सरळ भिंतीवर साधारण 37 अंश असतात आणि कोपऱ्यात 127, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट! फीड (कटर पुढे सरकायचा वेग) तोच, स्पीड (फिरायचा वेग) तोच, आणि कटरवरचा भार अचानक एवढा वाढतो. म्हणून रफिंगला, म्हणजे आधी बराचसा धातू काढून टाकायला, ॲडॅप्टिव्ह नावाचा टूलपाथ (कटरची वाट) निवडा. तो कोपऱ्यात सरळ घुसत नाही, छोट्या छोट्या गोल फेऱ्या मारत कोपरा खातो आणि धातूत असलेला भाग जवळपास सारखा ठेवतो. स्क्रीनवर तो वेडावाकडा आणि लांबलचक दिसतो पण मशीनवर आवाज ऐकलात की फरक लगेच कळतो. मला विचाराल तर नवशिक्याने पहिल्या दिवसापासून हाच वापरावा.

आता आकडे. सगळा खेळ चिपच्या जाडीचा आहे, प्रत्येक दात एका वेळी किती जाड काप काढतो त्याचा. कार्बाइडच्या कटरने ॲल्युमिनियम कापताना कडेचा वेग मिनिटाला 150 मीटर धरला तर 6 मिमी कटरला स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) साधारण 8000 आरपीएमने फिरवावा लागतो (वेग गुणिले 1000, भागिले π गुणिले व्यास). दोन फ्लूटचा, म्हणजे दोन दातांचा कटर, प्रत्येक दाताला 0.03 मिमी, म्हणजे 8000 × 2 × 0.03, फीड झाला मिनिटाला 480 मिमी. हे सुरुवातीचे आकडे, मशीन हलकं असेल तर कट कमी खोल घ्या.

खोली कमी घ्या म्हणतोय, फीड नाही, कारण घाबरून आपण सगळे आधी फीडच कमी करतो. 480 चा 100 केला तर दाताला 0.006 मिमी उरतात, एवढ्या पातळ थरात धार धातूत शिरतच नाही, नुसती घासत जाते, घासलं की उष्णता, उष्णतेने ॲल्युमिनियम मऊ होऊन धारेला चिकटतं आणि मग कटर कापायच्या ऐवजी ढकलायला लागतो. नीट चिप निघाली तर उष्णतेचा मोठा वाटा ती स्वतःबरोबर घेऊन जाते. आणि स्टेपओव्हर कमी असेल तर चिप आपोआप आणखी पातळ होते, 10 टक्क्यांना सर्वात जाड जागी सुद्धा ती ठरवलेल्या आकड्याच्या फक्त 60 टक्के भरते. तेव्हा तिथे दाताला 0.03 ऐवजी 0.05 टाकायचे, फीड 800 होतो. पहिल्यांदा हे टाकताना हात थरथरतो, पण बरोबर तेच आहे.

कटर त्याला धरणाऱ्या होल्डरमधून बाहेर किती काढलाय तेही बघा. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला तो आठ पट वाकतो. जाडी निम्मी झाली तर सोळा पट. त्यामुळे गरजेपुरताच बाहेर.

मग झीरो, म्हणजे सगळी मापं जिथून मोजली जातात तो बिंदू. सॉफ्टवेअरमधे तुम्ही झीरो तयार जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर घेतला, ठोकळा त्यापेक्षा 1 मिमी जाड आहे आणि मशीनवर झीरो घेताना कटर ठोकळ्याच्या माथ्याला टेकवला, तर सगळा प्रोग्रॅम 1 मिमी वर चालतो. फेसिंग, म्हणजे माथा सपाट करणं, हवेत होतं, आरपार होल आरपार जात नाही. उलटी चूक झाली तर कटर तेवढाच जास्त खोल जातो. सिम्युलेशनमधे यातलं काहीच दिसत नाही, आणि व्हाइस (ठोकळा पकडणारा शिकंजा) तुम्ही मॉडेलमधे काढला नसेल तर त्याच्या जबड्यातून कटर खुशाल जाताना दाखवतील.

शेवटी पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचं तुमच्या कंट्रोलरच्या बोलीत भाषांतर करणारा भाग. प्रत्येक कंट्रोलरची बोली थोडी वेगळी म्हणून आपल्याच कंट्रोलरचा पोस्ट निवडायचा. फाइल तयार झाली की नोटपॅडमधे उघडून पहिल्या ओळी वाचा. जी21 म्हणजे मिलिमीटर, तिथे जी20 दिसला तर इंच, म्हणजे 25.4 पट गोंधळ. एस8000 एम3 म्हणजे स्पिंडल 8000 ने सुरू. जी0 म्हणजे सुसाट जाणं, त्या ओळीत झेड (उंचीचा आकडा) उणे, म्हणजे झीरोच्या खाली दिसला तर थांबा आणि आधी कारण शोधा.

पहिला जॉब एक पॉकेट आणि दोन होल एवढाच घ्या. आधी झीरो 25 मिमी वर उचलून प्रोग्रॅम हवेत चालवा, मग खरा कट. रफिंगला भिंतीवर 0.3 मिमी शिल्लक ठेवा आणि ते फिनिशिंगला काढा. 20 मिमीचं पॉकेट मोजल्यावर 19.94 भरलं तर लगेच आकडे बदलू नका, तोच फिनिशिंग पास काहीही न बदलता पुन्हा चालवा. कटर वाकल्यामुळे भिंतीवर जे राहिलं होतं ते निघून येतं. त्यानंतरही 19.98 च भरलं तर बहुधा कटरच 6 मिमीपेक्षा जरा बारीक आहे, मायक्रोमीटरने मोजून खरा व्यास टूल लायब्ररीत टाका आणि टूलपाथ पुन्हा काढा.