ऑप्शन टाकलात, पण बाण जोडलात का?

सोमवारी सकाळी आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात पहिला फोन बहुतेक ठरलेलाच असतो, “अहो, बॉट बंद पडलाय”. बॉट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, आणि तो बंद पडलेला नसतो. रविवारी निवांत बसून कोणीतरी प्रश्नात एक ऑप्शन वाढवलेला असतो आणि त्याचा बाण (बटण दाबल्यावर पुढे कुठे जायचं ते सांगणारी रेघ) पुढच्या ब्लॉकला, म्हणजे पुढच्या मेसेजच्या चौकटीला, जोडायचा राहिलेला असतो, मग गिऱ्हाईक तेच बटण दाबतं आणि समोरून काहीच येत नाही.

समजा क्लासचा बॉट आहे, प्रश्न “कोणती शाखा?”, ऑप्शन नौपाडा, कळवा, ऐरोली. तीन ऑप्शन म्हणजे तीन बाण, शिवाय चौथा “काहीच जुळलं नाही” वाला, तो तर सगळेच विसरतात. लोक बटण दाबतातच असं नाही हो, कोणी “नौपाड्याला” टाइप करतं, कोणी इंग्रजी अक्षरांत लिहितं, कोणी थेट फी विचारतं. हा चौथा बाण दर वेळी परत त्याच प्रश्नाकडे नेऊ नका, माणूस गोल गोल फिरून वैतागतो, एकदा परत विचारा आणि नाहीच जमलं तर तुमच्या माणसाकडे चॅट द्या.

चौथी शाखा उघडली की बटणं चालत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप एका मेसेजला 3 च रिप्लाय बटणं देतं, त्यापुढे लिस्ट घ्यायची, तिच्यात 10 ओळी बसतात. ही मर्यादा आमची नाही, त्यावरून आमच्याशी भांडू नका! बटणावर 20 अक्षरं, लिस्टच्या ओळीत 24, आणि मराठीत काना-मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. “घोडबंदर रोड, कासारवडवली” डोळ्यांना छोटं दिसतं पण मोजणीत 23 होतं, म्हणजे बटणात नाही बसत, लिस्टमध्ये बसतं.

अजून एक, जुना ऑप्शन डिलीट करायची घाई नको. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये मागच्या आठवड्याचा मेसेज तसाच असतो, गिऱ्हाईक चॅट वर सरकवून तेच जुनं बटण दाबतं. शाखा बंद झाली असेल तर नवीन मेसेजमधून ऑप्शन लपवा पण बाण ठेवा, पुढे “ही शाखा आता कळव्याला आलीय” एवढं लिहा.

बाण सुटला असला तर पब्लिश करताना पिवळी वॉर्निंग येते. काहीजण म्हणतात पब्लिशच अडवा. आम्ही मुद्दाम नाही अडवत, कारण अर्धवट फ्लो, म्हणजे प्रश्न आणि बाणांची मांडणी, स्वतःच्या नंबरवर टाकून बघायची बऱ्याच जणांना सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण वॉर्निंग वाचा तरी, ओके दाबून पुढे जाऊ नका.

बदल केल्यावर दुसऱ्या फोनवरून प्रत्येक बटण एकदा दाबा आणि एकदा मुद्दाम काहीतरी भलतंच टाइप करा, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढाही वेळ नसेल तर वार्षिक मेंटेनन्स घेतलेल्यांचे बदल आम्हीच करून, टेस्ट करून देतो, फक्त शनिवारी दुपारच्या आत कळवा.